सातवी जोडी

कुलूप चार वाजता उघडणार होतं. तीनला दहा मिनिटं कमी असताना नकाशावाली डबा धुऊन परत येत होती. बैठकीच्या खोलीच्या काचेच्या दारावर कुणीतरी आतून दीर्घिकासमूहाचं मोठं छायाचित्र चिकटवलं होतं. कागद पातळ, आत दिवे लागलेले. बाहेरून चित्र उलटं दिसत होतं, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे.

ती तिथेच थांबली.

त्या समूहाच्या वस्तुमानाने मागून येणारा प्रकाश वाकतो आणि मागच्या एकाच दीर्घिकेच्या अनेक प्रतिमा दिसतात. अशाच एका दीर्घिकेत तारा फुटला होता. स्फोट तीन ठिकाणी दिसून गेला होता, चौथा प्रकाश लांबच्या वाटेने येत होता. तो कधी पोचणार, हे समूहाच्या वस्तुमानाच्या नकाशावरून काढायचं. नकाशा तिने अडीच वर्षं खपून केला होता, प्रतिमांच्या एकवीस जोड्या जुळवून. त्या तारखेच्या आसपास मोठी दुर्बीण सहा दिवस मिळणार होती, एकदाच. तारीख चुकली तर प्रकाश येऊन जाणार आणि तो कुणालाच दिसणार नाही.

तारीख अजून कुणालाच माहीत नव्हती. मनाजोगतं उत्तर येईपर्यंतच माणूस चुका शोधतो, म्हणून या गटात प्रत्येक उत्तरात संगणक एक गुप्त आकडा मिसळून ठेवत असे. ही व्यवस्था सांभाळणाऱ्याला सगळे कुलूपवाला म्हणत, पण आकडा त्यालाही ठाऊक नसे. कुलूप उघडलं की काना-मात्रा बदलायची नाही. निघेल ते छापायचं.

काचेतून सातवी जोडी दिसत होती. दोन्ही प्रतिमांत तेजस्वी ठिपका उजवीकडे. रोज तो दोन्हींत डावीकडे दिसायचा आणि डोळ्यांना त्याची सवय झाली होती. पण अशा शेजारच्या प्रतिमा एकमेकींच्या आरशातल्या असाव्या लागतात. एकीत ठिपका डावीकडे, तर दुसरीत उजवीकडे. म्हणजे ही जोडी नव्हतीच. सारख्या दिसणाऱ्या दोन वेगळ्याच दीर्घिका होत्या, आणि चौथ्या प्रकाशाच्या वाटेला सगळ्यात जवळच्या, म्हणजे तारखेवर सगळ्यात जास्त परिणाम करणाऱ्या.

वर्षभरापूर्वी कुलूपवाला म्हणाला होता, या जुळ्या नव्हेत, शेजारणी आहेत. तिने भर बैठकीत त्याला ऐकवलं होतं, "तू आकडे लपव, आकाश माझ्याकडे सोड." सगळे हसले होते.

जागेवर येऊन तिने मोजमाप तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. मधे ताईचा फोन आला. आज उघडलं की नोकरी पक्की ना, असं तिने विचारलं. बघू, म्हणून हिने फोन ठेवला.

चारला चार मिनिटं कमी असताना ती खोलीत शिरली. गटप्रमुख, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, कुलूप उघडताना बघायला आलेल्या पाहुण्यांशी बोलत होते. कुलूपवाल्याचा हात कळफलकावर होता.

"सातवी जोडी काढा," ती म्हणाली. "माझी चूक आहे."

मास्तरांनी चष्मा काढला. "किती खात्री आहे?"

"नोकरीपेक्षा जास्त."

कुलूपवाल्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. जोडी काढून त्याने गणित पुन्हा लावलं. त्याला वीस मिनिटं लागली. गुप्त आकडा दोन्ही उत्तरांत सारखाच असल्यामुळे फरक तेवढा खरा होता. तारीख अडतीस दिवस अलीकडे आली होती.

खरी तारीख कोणती, ते अजूनही कुलुपातच होतं. समूह सध्या आकाशात सूर्याच्या अगदी जवळ, त्याच्या उजेडात होता. एकोणीस दिवस कुठलीच दुर्बीण तिकडे वळवता येणार नव्हती.

कुलूप उघडूनच टाकू, ती म्हणाली. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. आधी उरलेल्या वीस जोड्या तपासायच्या.

"आणि प्रकाश येऊन गेला असेल तर?"

"तर गेला. आपण घाई केली म्हणून परत येणार नाही."

पाहुणे उठून गेले. तिने दारावरचं चित्र सोडवून टेबलावर पसरलं. पहिली जोडी बरोबर होती. दुसरीही. ती सहावीपर्यंत आली तेव्हा कुलूपवाला शेजारी खुर्ची ओढून बसला. त्याने सातवीवर काट मारली आणि पेन्सिल तिच्यापुढे सरकवली.

आठवीकडे पाहायचा तिला धीर होत नव्हता.