उजव्या नाकपुडीतली नथ

आधुनिक चित्रकलेतलं चिंतामणींना काही कळत नव्हतं. पण न कळणाऱ्या गोष्टींवर तासभर बोलायची सवय होती. आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवलं होतं. आजोबांचं चित्र रत्नागिरीच्या प्रदर्शनात लागणार म्हटल्यावर भाषण कोण करणार, हे कोणी विचारायच्या आत त्यांनी 'हो' म्हणून टाकलं.

चित्र आजीचं, नव्वदेक वर्षांपूर्वीचं. चेहरा हिरवट, मान नको तितकी लांब, नजर बघणाऱ्यावर रोखलेली. पदर उजव्या खांद्यावर आणि नथ उजव्या नाकपुडीत. आजोबा ड्रॉइंग मास्तर. त्यांची बाकीची चित्रं म्हणजे कवायतीला उभे केलेले माड. या एकाच चित्रात त्यांनी बंड केलं, उलटी नथ हे परंपरेला आव्हान, असं चिंतामणींनी भाषणात लिहिलं आणि ते वाक्य स्वतःलाच दोनदा वाचून दाखवलं.

प्रदर्शनाच्या सकाळी टेम्पो यायच्या आधी त्यांनी चित्राशेजारी उभं राहून सेल्फीसाठी मोबाइल धरला. केस सारखे करता करता थबकले. मोबाइलमध्ये नथ डाव्या नाकपुडीत होती, जिथे असायला हवी तिथे. पदरही डाव्या खांद्यावर.

"उमा, हा मोबाइल उलटं दाखवतो का गं?"

"आरशासारखं दाखवतो," बायको खोबरं खवता खवता म्हणाली. "म्हणून तर तुमचं त्याच्याशी जमतं."

आरसा. चिंतामणी मोबाइल खाली ठेवून चित्राकडे वळले.

"अगं, हे आजीने काढलंय. आरशात बघून, स्वतःचं."

उमा खोबऱ्याचे हात तसेच घेऊन आली. चित्र बघितलं, मग नवऱ्याला.

"आणि आजोबांचं बंड?"

"बारा पानं झालीत."

"मग वाचा बारा पानं. आजवर कोणाला कळलंय?"

"पहिल्या रांगेत बायका असतात गं. नथीचं त्यांना कळतं."

"मी नाही का बाई? तुम्ही आव्हान म्हणालात, मी म्हटलं, असेल बापडं."

त्यांनी पेन घेतलं. 'आजोबांनी' खोडून 'आजीने' लिहीत गेले. एकही क्रियापद बदलावं लागलं नाही. 'आजीने बंड केलं', 'आजीने रंग लावले', सगळं जिथल्या तिथे बसलं. 'माडांनी बंड केलं' लिहिलं असतं तरी बसलं असतं. बारा पानांत चित्र काढणाऱ्याबद्दल काहीच नव्हतं, हे त्यांना व्याकरणाने सांगितलं.

पानं घरीच राहिली. संध्याकाळी हार घालून घेतल्यावर ते म्हणाले, "हे चित्र माझ्या आजीने काढलं. तिचं नाव सत्यभामा. मला हे आज सकाळी कळलं. नथ बघा," आणि खाली बसले.

पहिल्या रांगेतल्या बायकांचे हात आपापल्या नाकाकडे गेले.