व्हॅनिलाचा धडा

आत्याचं नाक म्हणजे घराण्याचा ठेवा. तिसऱ्या मजल्यावर कुणी संत्रं सोलायला घेतलं, तर ते आंबट निघणार की गोड, हे ती तळमजल्यावरून सांगायची. आजवर एकदाच चुकली, तेही सोलणाऱ्याने आधी लिंबू कापून हात धुतले नव्हते म्हणून. गोळ्यांच्या कारखान्यात वास जोखायची तिची नोकरी. दोन वासांच्या मध्ये आपलीच बाही हुंगायची, म्हणजे नाक पाटीसारखं कोरं होतं, ही तिथली रीत.

तिच्या भाचीला हवा होता लिफ्ट दुरुस्तीचा परवाना. दोनदा नापास झालेली. तिसरी खेप शेवटची. बिघडलेली लिफ्ट तिच्या हाताखाली गाईसारखी गरीब व्हायची, पण लेखी पेपर समोर आला की ब्रेक वायरिंगमध्ये शिरायचे आणि वायरिंग दोरांना गुंडाळलं जायचं. आत्याने तोडगा काढला. प्रत्येक धड्याला एक वास: ब्रेकला पेपरमिंट, वायरिंगला लिंबू, दोरांना दालचिनी आणि अडकलेल्या माणसांच्या सुटकेला व्हॅनिला. धडा वाचताना त्याची गोळी गालात, धडा बदलताना नाक बाहीत. परीक्षेतही तेच करायचं, धडा आपोआप धावत येईल.

भाचीने हे हसण्यावारी नेलं होतं. पण महिन्याभराने सरबत पिता पिता तिला ओळीने फ्यूज आठवायला लागले, तेव्हा मात्र ती चक्रावली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आत्याने कारखान्यातून चार ताज्या गोळ्या आणल्या. हिरवी, पिवळी, तांबडी, पांढरी. डबी परीक्षेच्या दारापर्यंत सुखरूप पोचली आणि तिथेच अडकली. खाण्याचं काही आत न्यायचं नाही, म्हणत पर्यवेक्षकांनी ती आपल्या टेबलावर ठेवली.

पेपर हातात पडला. भाचीच्या डोक्यात नेहमीचा गुंता. वीस मिनिटं कागद तिच्याकडे आणि ती कागदाकडे बघत राहिली.

पर्यवेक्षक सज्जन होते, पण तीन तास नुसत्या फेऱ्या मारायच्या म्हणजे काय चेष्टा आहे? त्यांनी डबी हुंगली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ फिरवली आणि तांबडी गोळी तोंडात टाकली. ते बाकाशेजारून गेले. दालचिनी! दोर सरसर उलगडले. पुढच्या फेरीत पेपरमिंट आलं, त्यानंतर लिंबू. भाची पर्यवेक्षकांच्या मर्जीप्रमाणे कधी इथला, कधी तिथला प्रश्न सोडवत होती आणि मध्ये मध्ये बाही हुंगत होती.

तेवढ्यावरून त्यांना संशय आला. त्यांनी बाही उलटून पाहिली, मग न राहवून स्वतः हुंगलीही. काही नाही. ते परत फिरले आणि खुर्चीत बसले. दहा मिनिटं उरली, सुटकेचा अख्खा प्रश्न कोरा, आणि पांढरी गोळी डबीतच.

भाचीने हात वर केला. ते जवळ आले.

"सर, ती पांढरी खाता का? पण इथेच उभे राहून."

चोरी पकडली गेल्यासारखे त्यांचे कान लाल झाले. त्यांनी निमूट जाऊन गोळी आणली आणि तिच्या डोक्यावर उभं राहून चघळली. व्हॅनिला आला. लिफ्टचं दार कसं उघडायचं, आतल्या माणसांशी आधी काय बोलायचं, सगळं हातातून उतरत गेलं.

पेपर गोळा करताना पर्यवेक्षक हळूच म्हणाले, "पहिल्या तीन झकास. शेवटची मात्र नुसती साखर हो. वासच नाही."

भाचीने घरी येऊन हे सांगितलं तशी आत्या कारखान्याकडे सुटली. व्हॅनिलाच्या नव्या बाटलीचं सील तसंच होतं. आदल्या दिवशी जुनी बाटली तिच्या बाहीवर सांडली होती. नाक कोरं करायला ती जितक्यांदा बाहीकडे गेली, तितक्यांदा व्हॅनिलाच पिऊन आली. पांढऱ्या गोळीत वास घातलाय, असं ती धरूनच चालली होती.

निकाल लागला. परवाना मिळाला, आणि सर्वांत जास्त गुण सुटकेच्या प्रश्नाला.

आत्या गुणपत्रिका बराच वेळ हुंगत बसली.

"मग तुला वास आला तो कसला गं?"

"व्हॅनिलाचाच. शप्पथ."

"नसलेल्या व्हॅनिलाचा?"

"हो."

आत्याने उठून टेबलावर पाचवी गोळी मांडली: बिनवासाची. मग भाचीकडे वळून तिने विचारलं, आता आपल्या ओळखीत आणखी कुणाची परीक्षा आहे?