मनोरीला लागलेली दृष्ट

लग्नाला पंधरा वर्षं झाली म्हणून आम्ही बेटावर निघालोय, असं चंद्रप्रकाश परबांनी चारकोपच्या अख्ख्या सेक्टरला सांगून ठेवलं होतं. बेट म्हणजे आपलं मनोरी. मार्व्याच्या धक्क्यावर होडीत चढायचं, पदर सावरून नीट बसेपर्यंत पलीकडे उतरायची वेळ. पण एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे माड, मग ते बेटच, असं परबांचं म्हणणं. त्यांच्याशी वाद कोण घालणार?

त्यांची मुलगी अनुपमा तर मुळीच घालणार नव्हती. नुकतीच नववी पास झालेली, वर्गाची मॉनिटर, यंदाच्या स्नेहसंमेलनात माईक हातात घेतल्यापासून कुणालाच न घाबरणारी अनुपमा या दोन दिवसांची सहा वर्षं वाट बघत होती. पप्पा मूळचे मालवणी मुलखातल्या देवबागचे. लहानपणी पैज लावून खाडी पोहून जायचे. ती तिसरीत असताना त्यांनी शब्द दिला होता, की तुला समुद्रात पोहायला मीच शिकवणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. मग गिरणीचा संप झाला, मग लालबाग सोडून चारकोपची खोली घेतली, मग इंडस्ट्रियल इस्टेटमधली नवी नोकरी आली. आणि हे सगळं संपतंय तोवर बाळा आला.

बाळा दीड वर्षाचा. कागदोपत्री त्याचं चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते फक्त डोस पाजायला नेलं की कळायचं. तेरा वर्षं एकटीने राज्य केल्यावर घरात हे असं गोरंगोमटं, गालाला खळी पडणारं प्रकरण आलं, तर माणसाने काय करावं? अनुपमाने जे करायचं ते केलं. मुलुंडच्या कमळआत्याला स्वतः कार्ड टाकलं, की आईपप्पांच्या लग्नाचा वाढदिवस आहे, तर दोन दिवस बाळाला तू ठेवून घे. आत्या हो म्हणाली. आईसुद्धा हो म्हणाली. आणि निघायच्या आदल्या दिवशी आईने घोळ घातला. पोर अजून अंगावर पितंय, आत्याकडे कसं राहील, असं म्हणून तिने त्याचीच पिशवी आधी भरली. दुपटी, लंगोट, नाचणीचं सत्त्व, उकळलेल्या पाण्याचा थर्मास, खुळखुळा. अनुपमाचे दोन फ्रॉक त्या थर्मासभोवती गुंडाळले गेले, तो फुटू नये म्हणून.

मनोरीला सखुबाई कोळणीची ओटीवरची खोली घेतली होती. सखुबाईने आल्याआल्या बजावलं, की पाण्यात जायचं तर सकाळच्या भरतीला जा, ओहोटीला नुसता चिखल आणि खडक. म्हणजे दिवसाला एकच संधी. अनुपमाने चहासुद्धा घेतला नाही.

पण झालं काय, ती आणि पप्पा गुडघाभर पाण्यात गेले की काठावर आईच्या कडेवर बाळा असा टाहो फोडायचा, की सुकट वाळत घालणाऱ्या बाया वळून बघायच्या. पप्पा परत फिरायचे. त्याला खांद्यावर घ्यायचे, दोन लाटा दाखवायचे. तो खिदळायचा. आईकडे दिला, की पुन्हा टाहो. पप्पांनी अनुपमाला हात पसरून पाण्यावर आडवं व्हायला सांगितलं, पाठीखाली तळवा धरला, तिचे पाय उचलले गेले, कानात पाणी गुणगुणायला लागलं, आणि तेवढ्यात तो तळवा निघून गेला. ती ढुपकन खाली बसली. नाकातोंडात खारं पाणी. वर बघते तर पप्पा काठाकडे धावताहेत. असं तीनदा झालं. चौथ्यांदा समुद्रच मागे सरकला होता.

वाळूत बसून ती बघत राहिली. पप्पांच्या खांद्यावर बाळा, पप्पांची टोपी बाळाच्या डोक्यावर, शहाळ्यातली पहिली मलई बाळाच्या तोंडात. येणारीजाणारी प्रत्येक कोळीण त्याचा गाल ओढून जात होती. अनुपमाला कुणी विचारलं तर एवढंच, की भाऊ का गं तुझा? ती अशी जळत होती, की जवळ पापड धरला असता तर भाजून निघाला असता. दुपारी बाळाला तिच्याजवळ देऊन आईपप्पा जेवायला बसले, तेव्हा ती त्याच्या कानाशी वाकली. डोळे रोखून हळूच म्हणाली, "तू यायलाच नको होतास."

बाळा हसला आणि त्याने तिच्या केसांत मूठभर वाळू घातली.

चार वाजता तो रडायला लागला. दूध नको, सत्त्व नको, खांदा नको. पप्पांच्या सगळ्या नकला झाल्या. आई त्याला घेऊन ओटीवर येरझारा घालत होती आणि दर फेरीला पप्पांकडे अशी बघत होती, जणू समुद्र त्यांनीच आणून ठेवला. तिन्हीसांजेला सखुबाई बाजारातून आली. पोराला बघून म्हणाली, नजर लागलीय, दुसरं काय. आईला तेच हवं होतं.

सखुबाईने मीठ, मोहरी आणि पाच सुक्या मिरच्या मुठीत घेतल्या. सगळ्यांना बजावलं, की उतरवून होईतो कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. आई पाटावर, मांडीत बाळा. सखुबाईची मूठ त्याच्यावरून फिरू लागली. "आल्यागेल्याची, पाप्याचांडाळाची, घरच्यादारच्याची..."

घरच्यादारच्याची. दाराला टेकलेल्या अनुपमाला दुपारचं आपलं वाक्य आठवलं.

सखुबाईने मूठ चुलीत टाकली. मिरच्या तडतडल्या, काळ्या पडल्या. आता दृष्ट नसेल तर सगळे खोकून बेजार व्हायला हवेत, हे अनुपमाला आजोळी बघून ठाऊक होतं. सगळे थांबले. कुणाला साधा ठसका आला नाही. सखुबाईचा हात हळूच स्वतःच्या तोंडाकडे गेला. एवढी जबर दृष्ट तिने वर्षात बघितली नसावी.

अनुपमाला राहवलं नाही. बोलायचं नाही हे माहीत असून ती बोलली. "आई, माझी लागली."

मग एकदम सगळंच बाहेर आलं. आत्याला कार्ड कशाला टाकलं, दुपारी त्याच्या कानात काय सांगितलं, पप्पांचा तळवा तीनदा कसा निघून गेला. पप्पा चाचरत म्हणाले, की दृष्टबिष्ट काही नसतं, दार सताड उघडं आहे, वारा धूर घेऊन गेला असेल. पण ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

आईने मात्र बघितलं. आई रागावली की शुद्ध बोलते आणि मनातलं बोलली की मालवणी, हे घरात सगळ्यांना ठाऊक.

"तुझी कित्याक लागतली?" आई म्हणाली. "माझीच लागली असतली. होडयेत बसलंय तेव्हा मनात इला, ह्या दोघांका धक्क्यारच सोडून जावचा."

दोघांका. अनुपमाने ते मनात दोनदा मोजलं. बाळा एक, आणि दुसरी कोण? दुसरी आपण. आजपर्यंत तिला वाटत होतं, की मधे आलेलं माणूस घरात एकच आहे.

मग आई खाली बघत सांगत गेली. लालबागच्या खोलीत अकरा माणसं, मधे साडीचा पडदा. लग्नानंतर नवऱ्याबरोबर एकटीने चहाचा कप कधी घेतला नाही. वर्षाच्या आत अनुपमा, मग सासूचं आजारपण, मग संप. पंधरा वर्षांनी दोन दिवस मिळाले, तर सकाळभर ती लेकीला आणि लेकाला नवऱ्याच्या अंगाखांद्यावर बघत काठावर उभी. "माका कोण इचारता, पाण्यात येतंस काय म्हणून?"

पप्पांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

एवढ्यात सखुबाईने बाळाचं झबलं वर केलं आणि कपाळावर हात मारला. कमरेचा काळा करगोटा, मनोरीला जाताना दृष्ट लागू नये म्हणून आईनेच बांधलेला, कोरा करकरीत, ओला होऊन वाळूसकट कातडीत रुतला होता. सभोवती लालभडक वळ. तिने तो कोयत्याने कापला, खोबरेल लावलं. बाळा दोन हुंदके देऊन झोपला. दृष्ट कुणाचीच नव्हती, पण जे बोलून झालं ते कुणाला परत गिळता येईना.

म्हणून अनुपमा म्हणाली, की उद्या भरतीला तुम्ही दोघंच जा, मी ह्याला बघते. म्हणताना तिला स्वतःचा फार अभिमान वाटला. माईकवर टाळ्या पडल्या की वाटतो तसा.

सकाळी तो अभिमान दहा मिनिटं टिकला.

ती बाळाला घेऊन वाळूत बसली होती. आई नऊवारीसारखा काष्टा मारून पाण्यात शिरली. आधी ओरडली, मग हसली. आई इतकं मोठ्याने हसते हे अनुपमाला माहीतच नव्हतं. मग पप्पांनी आईला आडवं केलं आणि पाठीखाली तळवा धरला. तोच तळवा. आणि तो काढलाच नाही. आईचे पाय तरंगले, केस सुटून पाण्यावर पसरले, आणि पप्पा तिला काहीतरी सांगत होते, जे इथपर्यंत ऐकू येत नव्हतं.

अनुपमा पुन्हा जळायला लागली. या वेळी आईवर. तिने बाजूला बघितलं. बाळाचा खालचा ओठ बाहेर आला होता, दोन्ही हात समुद्राकडे, डोळे पप्पांवर. हुबेहूब तिचंच तोंड, फक्त दात कमी.

"बघितलंस?" ती म्हणाली. "आपल्याला विचारतंय का कुणी?"

बाळाने मान हलवली. मग दोघं मांडीला मांडी लावून जळत बसली. एकटीने जळण्यापेक्षा हे बरंच बरं होतं. तिने पाण्याच्या कडेला वाळूत बोटाने रेघ ओढली, पाणी तिथून मागे सरकायला लागलं की आईची वेळ संपली, उठायचं, असं ठरवलं, आणि पाणी जरासं मागे गेल्यासारखं दिसताच, खरं म्हणजे गेलं नव्हतं, बाळाला काखोटीला मारून सरळ लाटांत शिरली.

पप्पांनी एक हात तिच्याकडे पुढे केला. बाळा आनंदाने किंचाळला. आई पाण्यात उभी राहिली, केस मागे सारले, दोघांकडे बघितलं आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "आणखी पाच मिनिटं थांबला असतात तर काय बिघडलं असतं?"