दोन ठोके

"आता पूल येईल," उस्ताद म्हणाले. "वीस टनांचा बोर्ड लागला का डाव्या हाताला?"

"लागला, उस्ताद."

लागला होता, पण उजव्या हाताला. रस्ता रुंद झाला तेव्हा तो बोर्ड उपटून मधल्या दुभाजकावर नेला होता. स्टिअरिंगवरच्या पाहुण्याने गियर बदलला आणि तोंड मिटून घेतलं. शेजारच्या सीटवर इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसलेला म्हातारा रस्ता पाहतच नव्हता. बावीस वर्षांचा रस्ता तो तोंडपाठ म्हणत होता.

सकाळी उस्ताद गॅरेजच्या फाटकाशी येऊन उभे होते. "एक फेरी येतो. नुसता बसतो, तुझ्या कामात लुडबुड करणार नाही." नाही म्हणायला पाहुण्याची जीभ रेटली नाही. आणि लुडबुड तर पहिल्याच सिग्नलला सुरू झाली. "क्लचवरचा पाय काढ. गाडी उभी आहे ना? मग पाय कशाला दाबून ठेवलास?" उभ्या गाडीत क्लच दाबून बसायची पाहुण्याची खोड अकरा वर्षांत गेली नव्हती, आणि उस्ताद ती नुसत्या आवाजावरून पकडत.

पाहुणा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. सव्विसाव्या वर्षापर्यंत त्याने रंगाच्या दुकानात चार महिने काढले, मेव्हण्याच्या छापखान्यात दोन, आणि एका दवाखान्याच्या दारात जेमतेम पंधरा दिवस. "आमचा मुलगा नोकरीला पाहुणा म्हणून जातो," असं आई आल्या-गेल्याला सांगे. शेवटी मेव्हण्यानेच त्याला उस्तादांच्या ट्रकवर चढवून हात झटकले. उस्तादांनी पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, "काय पाहुणे, किती दिवस मुक्काम?" नाव तिथे चिकटलं. मुक्काम मात्र हलला नाही.

ट्रकवर आपल्याला काय सापडलं, हे त्याला धड सांगता आलं नसतं. निघताना कुठे जायचं ते ठरलेलं असे आणि तिथे कोणीतरी त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलं असे. तोवर जन्मात कोणी त्याची अशी वाट पाहिली नव्हती. उस्तादांनी त्याच्या हातावर हात ठेवून गियर शिकवले, उतारावर गाडी कशी आवरायची ते शिकवलं. मागे घेताना कान कुठे ठेवायचा तेही. मागे उभा असलेला माणूस ट्रकच्या मागच्या फळीवर एकदा ठोकेल तर थांबायचं, दोनदा ठोकेल तर चालू द्यायचं. "आरशाकडे बघ, पण ऐक माझं," ते म्हणत.

आणि त्याच माणसाला त्याने ट्रकवरून खाली उतरवलं होतं.

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. स्टिअरिंगवर उस्ताद होते. "शाळा आली," म्हणत त्यांनी गाडी हळू केली, ती जिथे पूर्वी बोर्ड होता तिथे. बोर्ड त्याच्या महिनाभर आधीच हलला होता, शाळेचं दार आता पुढच्या वळणावर होतं. तिथे मात्र उस्तादांनी वेग वाढवला. पाहुणा बेंबीच्या देठापासून ओरडला तेव्हा ब्रेक लागला. समोर दप्तरं पाठीला लावलेली पाच-सहा मुलं थिजून उभी होती. "ध्यान नव्हतं रे," उस्ताद हसले.

पाहुण्याने मालकाच्या कानावर घातलं. मालक भला माणूस. त्याने डोळ्यांचा विषयच काढला नाही. साठीनंतर गाडी द्यायची नाही असा विम्याचा नवा नियम आलाय, असं सांगून त्याने उस्तादांना घरी बसवलं आणि किल्ली पाहुण्याच्या हातात ठेवली. उस्तादांनी चार दिवस विमा कंपनीच्या नावाने बोटं मोडली. आपले डोळे गेलेत हे कोणाला कळलेलं नाही, अशीच त्यांची समजूत होती.

मुलांसाठी सांगितलं, असं पाहुणा रोज मनाला बजावी. ते खोटंही नव्हतं. पण किल्ली मिळाली त्या दिवशी तो शीळ घालत घरी गेला होता.

कागदाचं गोदाम आलं. ट्रक आवारात वळला तसे उस्ताद दार उघडून उतरलेसुद्धा.

"तुम्ही बसा ना, उस्ताद. इथला माणूस ठोकेल मागून."

"माझ्या गाडीला परक्याचा हात? घे मागे."

गाडीच्या कडेला हात लावत ते मागे गेले. आरशात शर्टाची बाही दिसली आणि नाहीशी झाली. मग फळीवर दोन ठोके पडले.

पाहुण्याने गाडी मागे घेतली. पुन्हा दोन ठोके. पुन्हा थोडी मागे. मग त्याला आठवलं. माल उतरवायचा कट्टा दोन महिन्यांपूर्वी चांगला आठ फूट पुढे वाढवला होता. उस्ताद त्यानंतर इथे आलेच नव्हते. आता पाहुण्याने खाली उतरून त्यांना बाजूला घेतलं, तर का घेतलं ते सांगावं लागणार होतं. दोन ठोके पडले, स्वच्छ, विश्वासाने मारलेले.

त्याने ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं आणि मागे धावला.

"का थांबलास? ट्रक वळेल एवढी जागा आहे अजून!"

"उस्ताद, हात मागे करा."

उस्तादांनी हात मागे केला. कोपर सरळ व्हायच्या आत बोटं सिमेंटला लागली.

"हा कधी पुढे आला?"

"दोन महिने झाले. तुम्हाला दिसला नाही."

"डोळ्यांवर ऊन आलं माझ्या."

"ऊन नाही, उस्ताद. शाळेपाशीही नव्हतं. मला तेव्हाच कळलं. मालकांना मीच सांगितलं. नियम-बियम काही आलेला नाही."

उस्ताद फळी आणि कट्टा यांच्या मधल्या हातभर जागेत उभेच राहिले.

"पोरांपायी सांगितलंस?"

नुसतं हो म्हटलं असतं, तर सुटला असता.

"हो," पाहुणा म्हणाला. "आणि गाडीपायीही. मला गाडी हवी होती."

उस्तादांनी शर्टाला बोटं पुसली. चाचपत, अंग तिरकं करून ते बाहेर आले. पाहुण्याने पुढे केलेला हात त्यांना दिसला नाही, किंवा दिसला असेल.

"माल उतरवून घे नीट," ते म्हणाले. "मी बसने जाईन."

तासाभराने रिकामा ट्रक फाटकातून बाहेर पडला. बस थांब्यावर उस्ताद एकटेच होते. इंजिनाचा आवाज जवळ येताच ते सावरून पुढे झाले आणि त्यांनी बसला करतात तसा हात केला. पाहुण्याच्या डोळ्यांसमोरचा रस्ता धूसर झाला. त्याने ट्रक कडेला घेतला.

उस्तादांचा हात दार शोधत आला आणि मुठीवर पडला. तुटलेल्या मुठीच्या जागी त्यांनीच एका मोडक्या कपाटाची मूठ बसवली होती. बोटं तिच्यावरून दोनदा फिरली.

"बस नाही ही," पाहुणा म्हणाला.

"कळलं."

"चला ना, उस्ताद. घरापर्यंत."

मूठ त्यांनी ओढली नाही, सोडलीही नाही. तेवढ्यात मागे खरीखुरी बस येऊन उभी राहिली आणि कंडक्टर ट्रक हलवायला ओरडू लागला.

"क्लचवरचा पाय काढ," उस्ताद म्हणाले.

पाहुण्याने काढला.

मग ते ट्रकच्या अंगावरून हात फिरवत चालू लागले. डिझेलची टाकी, मागचं चाक, फळीची कडा. आरशात पाठमोरा शर्ट लहान होत गेला. शेवटाला ते थांबले. बसच्या पायरीवरून कंडक्टरने पुढे केलेला हात त्यांनी धरला आणि मोकळ्या हाताने फळीवर ठोकलं. एकदा, आणि जरा थांबून पुन्हा एकदा.

पाहुण्याने गियर टाकला.