अर्जुनाच्या फांदीतलं गवत

डोंगराळ भागातल्या कोणत्या जागा साहसी पर्यटनाला योग्य आहेत, हे ठरवण्याचं काम बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या आमच्या छोट्या कंपनीकडे आलं ते दोन हजार तीन साली. उतार, खडक, पाणी, रस्ता यांना गुण द्यायचे, संगणकावर नकाशे एकावर एक ठेवायचे आणि बेरीज जास्त येईल ती जागा हिरवी रंगवायची. उपग्रहाचं चित्र आम्ही जानेवारीचं घेत असू. पावसाळ्यातल्या चित्रात ढगांखेरीज काही दिसत नाही.

तंबू ठोकण्यासाठी सगळ्यात जास्त गुण मिळाले ते नदीच्या वळणावरच्या एका वाळूच्या सपाटीला. फेब्रुवारीत मी ती जागा पाहून आले. नदीत घोटाभर पाणी होतं. काठावरच्या अर्जुनाच्या फांद्यांत मात्र सुकं गवत आणि काटक्या अडकल्या होत्या, सगळ्या एकाच दिशेला वळलेल्या. पूर तिथवर येऊन गेला होता.

आमचे प्रमुख श्रीकृष्ण गुप्ते. ही जागा वगळा, असं मी त्यांना सांगितलं आणि गवत किती उंचावर होतं ते हात डोक्याच्या वर नेऊन दाखवलं.

"मृदुलाबेन, बकऱ्या झाडावर चढून जेवत असतील," ते म्हणाले.

सगळे हसले. मग त्यांनी मला शांतपणे समजावलं. गुणांची पद्धत आधीच ठरली होती, त्या नदीच्या पुराची नोंद कुठेच नव्हती, आणि गवताच्या एका झुबक्यासाठी पद्धत मोडली तर उद्या प्रत्येक जागेबद्दल कोणीतरी काहीतरी म्हणणार. माणूस लबाड नव्हता. त्यांचा बेरजेवर विश्वास होता. जागा हिरवीच राहिली.

सप्टेंबरात त्यांची मुलगी मोहना कॉलेजच्या मुलांबरोबर तिथेच राहायला गेली. मला ते नंतर कळलं. तिची आई नको म्हणत होती, तेव्हा गुप्त्यांनी नकाशा घरी नेऊन तिच्यापुढे पसरला होता. त्या दिवशी बडोद्यात लख्ख ऊन होतं. पाऊस वर डोंगरात पडला. पहाटे पाणी आलं तेव्हा बाकीची मुलं चढावर पळाली. मोहना दुसऱ्या दिवशी बरीच खाली सापडली.

तेरावा झाल्यावर मी गोत्रीला त्यांच्या घरी गेले. वहिनी बाहेर आल्या नाहीत. गुप्त्यांनी ऑफिसातल्या कामांची चौकशी केली, उत्तरं ऐकली की नाही कोण जाणे. मग ते उठून दाराशी गेले आणि हात वर करून चौकटीवर टेकवला.

"एवढं होतं?"

आता आठवत नाही असं म्हणायचं, हे मी येताना रिक्षात ठरवलं होतं.

"अजून वर," मी म्हणाले.

त्यांनी टाचा उचलल्या.