नंबर येईपर्यंत घंटा

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मित्रांनो, आयुष्यभर मी बारीक गोष्टी मोठ्या करून दाखवल्या. पण स्वतःविषयी बोलायचे म्हटले की जीभ अडखळते. कितपत जमेल, कोण जाणे.

माझा पितळी देह एका छोट्या कारखान्यात घडला. भिंगे घासणाऱ्या आजोबांनी मला मायेने पुसले आणि मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आलो. तिथे चार विद्यार्थ्यांमागे एक सूक्ष्मदर्शक असे. ज्यांनी शाळेतच माझे भाऊबंद हाताळले होते, ते चटकन स्टुलावर बसत. बाकीचे त्यांच्या आकृत्या बघून उतरवत. वहीतल्या आकृत्यांचे गुण सगळ्यांनाच मिळत.

एका वर्षी शिवणकाम करणाऱ्या बाईंची मुलगी आली. घरातून विद्यापीठाची पायरी चढलेली ती पहिलीच. तिच्या शाळेत सूक्ष्मदर्शक होता, पण पुस्तकातल्या चित्रात!

"नापास झालीस तर मशीनवर बसायचं हं," आईने बजावले होते. पुन्हा तेच वर्ष करण्याची ऐपत घरात नव्हती.

परीक्षेला आठवडा उरला असताना मॅडमनी सराव घेतला. या वेळी परीक्षेसारखेच प्रत्येकाने एकट्याने बघायचे होते. मुलीने मला डोळा अगदी चिकटवला आणि मन लावून काळ्या, वाकड्या रेघा काढल्या.

तिच्याच गटातला डॉक्टरांचा मुलगा वाकून बघतो काय आणि खो खो हसत सुटतो काय! "अगं बये, खोडाचा काप काढायचाय! तू तर स्वतःच्या पापण्या काढल्यास!"

सगळे हसले. फक्त मॅडम हसल्या नाहीत. "मग वर्षभराच्या आकृत्या?"

"उतरवलेल्या," ती खाली मान घालून म्हणाली. "माझा नंबर येईपर्यंत घंटा व्हायची, मॅडम."

डॉक्टरांच्या मुलाचे हसू मावळले. वर्षभर स्टूल त्यानेच अडवले होते. त्याने ते तिच्याकडे सरकवले.

"बस. डोळा थोडा लांब धर. आता ही चकती फिरव. हळू गं, शिलाई मशीन आहे का ते?"

"मशीनचं तू मला नको सांगूस," ती पुटपुटली आणि एकदम ओरडली, "अगंबाई! हे तर मधमाश्यांचं पोळंच!"

तो आठवडाभर ती रोज स्टुलावर बसली आणि तो शेजारी उभा राहिला. ती उत्तीर्ण झाली.

आता मी कपाटात असतो. तिच्याआधीची कितीतरी मुले मला दुसऱ्या वर्षी दिसलीच नाहीत. 'त्यांना झेपलं नाही,' असे लोक म्हणत. पण मित्रांनो, त्यांच्यापैकी कितीतरी जणांचा डोळा माझ्या भिंगापर्यंत कधी पोहोचलाच नव्हता. मला मऊ फडक्याने पुसा, एवढे तर मी मागेनच. पण स्टूल तुम्हाला आधी मिळाले, तर मागे वळून एकदा विचारा, "तुला दिसलं का रे?"