बृहस्पतींची यादी

“आधी तार बघ. साहेब काय म्हणतो ते मागाहून ऐक.” टेलिफोनच्या दुरुस्तीत हयात घालवलेल्या मामानं हे सांगितलं, तेव्हा ताई शाळकरी होती आणि खाली उभी राहून त्याची शिडी धरत होती. मामा गेला, तारा गेल्या. साहेब तेवढे जिथल्या तिथं राहिले.

ताई ज्या कंपनीत चाचणीचं काम करायची, ती कंपनी नावांचे पत्ते शोधून देणारं सॉफ्टवेअर विकायची. आपण एखाद्या वेबसाइटचं नाव टाइप करतो. हे सॉफ्टवेअर बाहेर जाऊन विचारून येतं, की हे नाव कुठल्या पत्त्यावर राहतं. प्रत्येक प्रश्नाला एक क्रमांक चिकटवतात आणि तोच क्रमांक घेऊन आलेलं उत्तर खरं मानतात. हा क्रमांक कुणाला आधी ओळखता येता कामा नये, एवढीच काय ती अट. ओळखता आला, तर चोर खऱ्याच्या आधी आपलं उत्तर पाठवतो आणि माणूस हसतमुखानं भलत्याच्याच घरात शिरतो.

ही अट कंपनीच्या मुख्य तज्ज्ञांना अपुरी वाटली. त्यांना पाठीमागे सगळे बृहस्पती म्हणत आणि तोंडावर सर; दोन्ही त्यांना सारखंच न शोभणारं. आठ महिन्यांपूर्वी कुणा गिऱ्हाइकानं कुरकुर केली होती, की एकच क्रमांक लागोपाठ दोनदा आला. फासा टाकला तर सहावर सहा पडू शकतो, हे पोरासोरांनाही कळतं. बृहस्पतींना कळायला ते फार सोपं होतं. त्यांनी पासष्ट हजार क्रमांक एकदाच पत्त्यांसारखे पिसले, त्यांची यादी केली आणि तीच यादी सॉफ्टवेअरच्या प्रत्येक प्रतीत घातली. संपली की पुन्हा पहिल्यापासून. मशीनच्या हजारो दारांपैकी कुठल्या दारानं प्रश्न बाहेर पडावा, तेही ‘शिस्त हवी’ म्हणून कायमचं एकच ठरवून टाकलं. कुलूप एक, किल्ली एक आणि ती गावभर वाटलेली. त्यावर तासभर व्याख्यानही झालं. टाळ्या पडल्या. ताईनंही तेव्हा दोन बोटं तळहातावर आपटली होती. त्याची तिला अजून लाज वाटायची.

मागच्या आठवड्यात एका दवाखान्याची तक्रार आली. तिथं बाहेरच्या खोलीत रुग्ण पडद्यावर आपली माहिती भरत. दोन दिवस ती सगळी माहिती हुबेहूब तशाच दिसणाऱ्या खोट्या पानावर गेली. कुणाला काय दुखतंय, कुणाला घरच्यांपासून काय लपवायचंय, सगळं. दवाखान्यानं पाठवलेल्या, सॉफ्टवेअरच्या प्रश्नोत्तरांच्या नोंदी न उघडताच बृहस्पतींनी उत्तर धाडलं: आमचं सॉफ्टवेअर निर्दोष आहे, आपल्या रिसेप्शनवरून पासवर्ड फुटला असावा. चोर सोडून संन्याशाला सुळी.

काल त्या रिसेप्शनवरच्या बाईंचा फोन आला. बृहस्पतींनी तो घेतला नाही. रिसेप्शनवालीशी त्यांनी काय बोलायचं. फोन फिरत फिरत ताईच्या टेबलावर आला. बाई पन्नाशीच्या, एकोणीस वर्षं त्याच खुर्चीवर बसलेल्या. रडल्या नाहीत. उद्या चार वाजता डॉक्टर सगळ्यांसमोर कामावरून काढणार आहेत, असं त्यांनी सांगितलं. नोकरीचं पुढे काहीतरी होईल. पण रुग्णांची गुपितं विकणारी म्हणून ते दार ओलांडायचं कसं, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

“मी कुणाला काही दिलं नाही हो, मॅडम.”

“मी बघते,” ताई म्हणाली. “तुमची चूक नसेल, तर चारच्या आत मी स्वतः येऊन डॉक्टरांना सांगेन.”

तिनं नोंदी उघडल्या. एकाच प्रश्नाला दोन उत्तरं आली होती. दोन्हींवर बरोबर क्रमांक. खोटं आधी पोचलं होतं. खरं मागून आलं, म्हणून त्याला हाकलून दिलेलं. मग तिनं दवाखान्यातून गेलेल्या प्रश्नांचे क्रमांक बृहस्पतींच्या यादीशेजारी लावून बघितले. ओळीला ओळ जुळली.

आज सकाळच्या बैठकीत तिनं हे मांडलं. तिचा आवाज मुळातच लहान. ऐकणाऱ्याला पुढे झुकावं लागे आणि बृहस्पतींना झुकायची सवय नव्हती. ते मॅनेजरकडे बघून हसले.

“ताई, रँडम हा विचार करणाऱ्यांचा विषय आहे. रोज ठरल्या मिनिटाला डबा उघडणाऱ्यांचा नाही.”

ताईनं त्यांच्याच लॅपटॉपवरून एक प्रश्न पाठवायला सांगितला, निघालेला क्रमांक बघितला, जवळची यादी चाळली आणि पुढचे दहा क्रमांक कागदावर लिहून घडी मॅनेजरच्या हातात दिली. बृहस्पतींनी एकेक करून दहा प्रश्न पाठवले. मॅनेजर घडी उलगडून ताडून बघत गेला. चौथ्याला बृहस्पतींनी चष्मा पुसला. सातव्याला योगायोग म्हणाले. दहावा झाल्यावर पाणी प्यायले आणि म्हणाले, ही यादी तात्पुरती आहे असं आपण पहिल्या दिवसापासून सांगत होतो. खोटं बोलायलाही थोडी बुद्धी लागते. इथं नुसताच सराव होता.

दुरुस्ती बारा मिनिटांची निघाली. यादी उडवली. दर वेळी मशीनच्या मूळ प्रणालीकडून नवा क्रमांक मागायचा, दारही दर वेळी नवं. पासष्ट हजारांच्या जागी चार ओळी. बृहस्पती मागे उभे राहून देखरेख करत होते, म्हणजे चहा पीत होते. लाखभर प्रश्नांची चाचणी लावली, त्यात एक क्रमांक लागोपाठ दोनदा आला, तशी त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

“बघा. रिपीट झाला.”

“होऊ दे, सर. पुढचा कुठला येणार, ते सांगा.”

बोट निघालं. पडद्यावर डाग राहिला, तो ताईनं पुसला.

नव्या आवृत्तीच्या टिपणात बृहस्पतींनी ‘किरकोळ सुधारणा’ असं लिहिलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं. दवाखान्याला काय कळवायचं, असं ताईनं विचारलं, तेव्हा मॅनेजरनं दार लोटून घेतलं. हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणाला. नवी आवृत्ती बसली की त्रास थांबेलच. आणि त्या बाईंचं? त्यांना काय, दुसरीकडे जागा मिळेल. याबद्दलचा एखादा कागद बाहेर गेलाच, तर नेणाऱ्यालाही दुसरी जागा बघावी लागेल, हेही त्यानं मऊ आवाजात ऐकवलं. बृहस्पती मान डोलावत होते. फास दुसऱ्याच्या गळ्याला बसतोय म्हटलं, की काही माना फार सुंदर डोलतात.

ताईला भीती वाटली नाही असं नाही. घरात मिळवती ती एकटीच होती. पण या दोघांना घाबरायचं, तर आधी त्यांना मोठं मानावं लागलं असतं, आणि ते काही तिच्यानं होईना.

सव्वातीन वाजले होते. तिनं एका कागदावर साध्या शब्दांत लिहिलं, की चूक आमच्या सॉफ्टवेअरची आहे, आपल्या रिसेप्शनिस्टचा तिच्याशी संबंध नाही. खाली सही केली, तारीख घातली. नोंदी दवाखान्याच्याच होत्या. त्यांतलं ते दोन उत्तरांचं पान छापून सोबत जोडलं. रजेच्या अर्जात कारण विचारलं होतं, तिथं ‘दवाखाना’ असं लिहिलं, खोटं नको म्हणून. मग पिशवी खांद्याला लावली, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि लिफ्टची वाट न बघता ती जिना उतरू लागली.